न शोधलेला डाग

‘टाटाला नेलंय.’ परभणी जिल्ह्यात एवढं म्हटलं की रोगाचं नाव घ्यावं लागत नाही. कुणी देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबईचं टाटा रुग्णालय गाठतो, कुणी बार्शीला, कुणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातो. सोबतच्या फाईलमध्ये प्रश्न एकच असतो: गाठ पसरली का? पेट स्कॅन काढतात तो त्याच्या उत्तरासाठी. कोरोनाच्या काळात मात्र या स्कॅनने कुणी न विचारलेलंही सांगितलं.

उपाशीपोटी आलेल्या रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. या फ्लोरिनचं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. कर्कपेशी साखर अधाशीपणे वापरतात, हे ओट्टो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं होतं. त्याच हावेच्या खुणेवर ही तपासणी उभी आहे. पण संसर्गाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही तितकीच साखर लागते. शत्रू आणि सैनिक पडद्यावर सारखेच उजळतात. क्षयाच्या गाठी कर्करोगासारख्या चमकतात, हे आपल्याकडच्या डॉक्टरांना कोरोनाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

मार्च २०२० मध्ये इटलीतल्या ब्रेशिया शहरात ताप-खोकला नसलेले रुग्ण ठरलेल्या तपासणीला आले आणि काहींच्या फुप्फुसांत घासलेल्या काचेसारखी धूसर छटा दिसली. पुढे चाचणी केल्यावर त्यांतल्या अनेकांना कोरोना निघाला. पुढच्या वर्षी लसीकरण सुरू झालं, तेव्हा लस घेतलेल्या बाजूच्या काखेतल्या लसिकाग्रंथी उजळू लागल्या. म्हणून स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना लस आजाराच्या विरुद्ध बाजूच्या दंडावर घ्या, असं सांगावं लागलं.

त्याच सुमारास मराठवाड्यातही घरोघरी ‘स्कोअर किती आला?’ हीच चौकशी चालू होती. फुप्फुसांच्या सीटी स्कॅनचा पंचवीसपैकीचा तो आकडा लोकांना तोंडपाठ झाला होता. सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये या स्कॅनचे दर २,००० ते ३,००० रुपयांत बांधले होते. कर्करोगाच्या रुग्णाच्या फुप्फुसातल्या छटेचा अर्थ मात्र असा आकड्यात मावत नाही. छातीला दिलेल्या शेकाने ती येते, काही औषधांनी येते, साध्या विषाणूनेही येते. अर्थ चुकला तर बरं करणारं औषध थांबतं, किंवा संसर्ग अंगात असताना किमो चढवली जाते. म्हणून गाठीखेरीज दिसलेल्या अशा डागाबद्दल अहवालाच्या शेवटी लिहिलेल्या जादा ओळीला मोठं मोल आहे. ती लिहिणाऱ्याने गाठीपलीकडे माणूस पाहिलेला असतो.

या ओळीपाशी मन थबकतं, ते आणखी एका कारणाने. कर्करोग माणसाच्या स्वतःच्याच पेशींतून उगवतो. तो कुणाला लागत नाही, तरी अजूनही काही घरांत रुग्णाचं ताट वेगळं ठेवलं जातं. विषाणू मात्र कुणाच्या तरी श्वासातून आलेला असतो: रेल्वेच्या डब्यातून, धर्मशाळेच्या ओसरीवरून, उशाशी बसलेल्या सख्ख्या लेकाकडून. आपण रुग्णाला भ्यालो. भिण्याची वेळ त्याची होती. किमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या शरीराला आपला साधा खोकलाही झेपत नाही. त्याच्या फुप्फुसातल्या त्या डागात आपलाही वाटा असू शकतो.

आणि जे पोहोचलेच नाहीत त्यांचं काय? देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटलेली दिसली. त्यांच्या गाठीही कुणी पाहिल्या नाहीत. दूरवरून मोठ्या रुग्णालयाची वाट धरणाऱ्या आपल्यासारख्या जिल्ह्यांनी हा आकडा विसरू नये. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईहून आलेल्या इंग्रजी अहवालातली ती शेवटची ओळ जिंतूर-गंगाखेडच्या माणसाला मराठीत समजावून सांगणारे डॉक्टर तिथून घडावेत.

उरलेलं काम आपलं आहे. ‘टाटाहून’ माणूस परतला की अख्खी गल्ली भेटायला जाते. ही आपली चांगली रीत आहे, ती टिकावी. फक्त सर्दी-खोकला असेल त्याने त्या दिवशी उंबरठ्याबाहेरूनच विचारपूस करावी. तेही प्रेमच आहे, आणि आजाऱ्याला त्याचीच जास्त गरज आहे.