जखमांसह उठलेला प्रभू



पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळजवळ नीरा नदी ओलांडली की आपण खंडाळा तालुक्यात शिरतो. (लोणावळ्याजवळचा थंड हवेचा खंडाळा वेगळा!) हा खंडाळा पर्जन्यछायेतला. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस इथे पोहोचेपर्यंत दमून जातो. सध्याच्या उन्हात खंबाटकीचे डोंगर अगदी उघडेबोडके दिसतात. तरीही घाट चढताना आपली नजर त्या काळ्या कड्यांवर खिळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हा थरावर थर साचून थंड झाला आणि हा पाषाण तयार झाला, असे भूशास्त्र सांगते. त्याच दगडाची झीज होऊन काळी माती झाली आणि त्या मातीत आज शाळू पिकतो. देवाला कसलीच घाई नाही! भाकरीचा एक तुकडा आपल्या ताटात पडावा म्हणून त्याने केवढी तयारी केली! आठव्या स्तोत्राचा कर्ता आकाशाकडे पाहून जो प्रश्न विचारतो, तोच या घाटात आपल्याही मनात येतो: एवढ्या अफाट निर्मितीत माणसाची आठवण ठेवावी असे देवाला का वाटावे?

पण हा प्रश्न याच घाटात दुसऱ्या तऱ्हेनेही विचारला गेला आहे. 10 एप्रिल 2018 च्या पहाटे कर्नाटकातील विजापूर भागातून बांधकामाच्या मजुरीसाठी निघालेल्या माणसांचा ट्रक खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुढच्या वळणावर उलटला. 18 जणांचा मृत्यू झाला. पोटासाठी घर सोडून निघालेली ती माणसे होती. ते 'एस' आकाराचे वळण आधीपासूनच अपघातांसाठी कुप्रसिद्ध होते. ते टळावे म्हणून पुढे नव्या बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले. त्या वर्षी ईस्टर 1 एप्रिलला होता आणि पुनरुत्थानकाळाचा दुसरा रविवार 8 एप्रिलला. म्हणजे 'प्रभू उठला आहे, आलेलुया' असे आपण मोठ्या आनंदाने गाऊन अवघे दोन दिवस झाले होते.

मग मृत्यूवरचा विजय तो कोणता? बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपण चर्चच्या दाराबाहेर ठेवून आत येतो. कोणाच्या घरी मयत झाली की आपण सांत्वनाला जातो आणि पटकन बोलून जातो, 'देवाची इच्छा!' आपला हेतू चांगला असतो. पण ज्या आईचे लेकरू गेले तिच्या कानी ते शब्द कसे पडत असतील, याचा आपण विचार करतो का? बेथानीला लाजरच्या कबरेपाशी आलेल्या येशूने असे काही म्हटले नाही. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही तो आधी रडला. संत पौल करिंथकरांना लिहिताना मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रू म्हणतो, देवाचा निरोप्या म्हणत नाही, हे आपण नीट लक्षात घ्यायला हवे. पुनरुत्थानाने त्या शत्रूचा निकाल लागला आहे, परंतु त्याची नांगी अजून वळवळते आहे आणि तिचा दंश आपल्याला सोसावा लागतो.

आजचे शुभवर्तमान (योहान 20:19-31) या रविवारी दरवर्षी वाचले जाते. 2000 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी या रविवारला दैवी दयेचा रविवार असे नाव दिले. या वाचनात आपण बहुधा थोमाच्या अविश्वासावरच बोट ठेवतो. पण ज्याला आपण भारताचा प्रेषित मानतो, त्या थोमाने मागितले तरी काय? त्याला तेजोवलय नको होते, चमत्कार नको होता. त्याला जखमा पाहायच्या होत्या. आणि नवल हे, की प्रभूच्या अंगावर त्या होत्या! ज्याने आकाश-पृथ्वी निर्माण केली, ज्याने कबर उघडली, त्याला हातापायांचे वण पुसता आले नसते का? त्याने ते पुसले नाहीत. तो दार बंद असलेल्या खोलीत आला, पहिल्यांदा शांती दिली आणि मग आपले हात पुढे केले. जखमा पाहूनच थोमाने त्याला प्रभू आणि देव म्हटले.

याच खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. 3 जानेवारी 1831 रोजी तिथे सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. 1897 च्या प्लेगमध्ये घाबरलेली माणसे पुणे सोडून जात होती, त्या वेळी सावित्रीबाई रुग्णांची सेवा करीत राहिल्या. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात पोहोचवले, त्यात त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि त्यांना आपल्या रांगेत बसवण्याचा आगाऊपणा आपण करू नये. पण मृत्यूच्या भीतीने त्यांची पावले अडली नाहीत, हे तर आपण पाहू शकतो. आणि आपण? ईस्टरची मिस्सा चुकवत नाही, पण शेजारच्या आजाऱ्याच्या दारात जायला आपले पाय जड होतात. कोरोनाच्या साथीत आपल्यापैकी कितीजणांनी कोणासाठी दार उघडले आणि कितीजणांनी कडी लावून घेतली, ते ज्याचे त्याला ठाऊक. आम्ही हे लिहिताना आम्हालाही ते टोचते आहे.

बंद दाराआड भेदरून बसलेल्या शिष्यांना प्रभू रागावला नाही, हाच काय तो आपल्याला आधार.

आजच्या मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी खंबाटकीच्या वळणावर गेलेल्या त्या 18 जणांची आणि त्या रस्त्यावर दगावलेल्या सर्वांची आठवण करूया. आपल्यापैकी कोणालाच त्यांची नावे माहीत नाहीत. देवाला माहीत आहेत. वेदीजवळ पास्काची मेणबत्ती तेवत असेल. तिच्यात क्रूसाच्या आकारात खोवलेले धूपाचे पाच खडे जरा जवळ जाऊन पाहा, मुलांनाही दाखवा. त्या प्रभूच्या पाच जखमा आहेत. पेंटेकॉस्टपर्यंत ही मेणबत्ती तिथे राहील. नंतर बाप्तिस्म्याच्या वेळी ती पेटवली जाईल, आणि आपल्यातले कोणी गेले तर त्याच्या शवपेटीजवळही.