सुतकातलं शतक

१९ मे १९९९ रोजी लेस्टरच्या मैदानावर भारत झिंबाब्वेकडून अवघ्या ३ धावांनी हरला. विश्वचषकातला आपला तो लागोपाठ दुसरा पराभव. सचिन तेंडुलकर त्या सामन्यात नव्हता. त्याचे वडील, कवी आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातले मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकर, अचानक गेले होते आणि तो घरी परतला होता. मग २३ मे रोजी ब्रिस्टलला, केनियाविरुद्ध, त्याने १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या. समोर द्रविड नाबाद १०४. दोघांची २३७ धावांची अभंग भागीदारी. शतक पूर्ण झाल्यावर सचिनने आकाशाकडे पाहिलं, आणि पुढे प्रत्येक शतकानंतर आकाशाकडे जाणारी ती नजर साऱ्या क्रिकेटजगाच्या ओळखीची झाली. घरातलं सुतक अजून फिटलं नव्हतं.

त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसलेल्या मराठी घरांमध्ये कुणी 'एवढ्या लवकर खेळायला कसा गेला?' असं विचारल्याचं मला आठवत नाही. आपल्याला ते पटलंच होतं, कारण अशी माणसं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलाचं लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर चालून गेलेला तानाजी शाळेतल्या धड्यातून भेटतो. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली असताना तोंडाला रंग लावून उभे राहिलेले बालगंधर्व आजी-आजोबांच्या बोलण्यातून भेटतात. कर्तव्यासाठी घरचं दुःख मागे ठेवणारा माणूस आपल्याकडे मोठा मानला जातो. तो मोठा असतोच. मला खुपते ती पुढची गोष्ट: एकाने स्वतःहून केलेला त्याग आपण नंतर दुसऱ्याकडून हक्काने मागू लागतो.

मोहम्मद सिराजचं उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२० मध्ये तो आयपीएलसाठी अमिरातीत गेला. वडील मोहम्मद घौस हैदराबादेत रिक्षा चालवून मुलाचं क्रिकेट जगवणारे. आता फुप्फुसाच्या आजाराने त्रस्त. स्पर्धा संपल्यावर भारतीय संघ घरी आलाच नाही, दुबईहून थेट सिडनीला गेला. १२ नोव्हेंबरला तिथे उतरल्यावर १४ दिवसांचं विलगीकरण सुरू झालं आणि त्यातच, २० नोव्हेंबरला, वडील गेले. क्रिकेट मंडळाने त्याला घरी जाण्याची मुभा दिली होती. तो थांबला. डिसेंबरच्या अखेरीस मेलबर्नला कसोटी पदार्पण करून त्याने पाच बळी घेतले, सिडनीत राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे डोळे वाहिले, त्याच मैदानावर प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिव्या ऐकल्या आणि जानेवारीत ब्रिस्बेनच्या दुसऱ्या डावात ७३ धावांत ५ बळी घेऊन तो त्या मालिकेतला भारताचा सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला. २१ जानेवारीला हैदराबादेत उतरल्यावर तो विमानतळावरून थेट कब्रस्तानात गेला.

ही कहाणी आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो, मीही सांगतो. पण तिच्यातल्या तारखा नीट पाहायला हव्यात. आजारी बाप आणि मुलगा यांच्यात ऑगस्टपासून करोनाची साथ, दोन देश आणि एक भरगच्च वेळापत्रक उभं होतं. घरी जायचं तर अंत्यविधी मिळण्याची खात्री नाही आणि परतल्यावर पुन्हा १४ दिवस खोलीत. मुभा खरी होती, मंडळाने ती मनापासून दिलीही असेल. पण सव्वीस वर्षांच्या, अजून एकही कसोटी न खेळलेल्या मुलाला ती कितीशी वापरता येणार होती? त्याच्या निर्णयावर शंका घेण्याचा मला अधिकार नाही. तो निर्णय सोपा होता असं मानून त्याला देशप्रेमाचा दाखला बनवण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.

सचिनला आईनेच परत पाठवलं. सिराजलाही आईनेच फोनवर थांबायला सांगितलं, वडिलांचं स्वप्न पूर्ण कर म्हणाली. या 'जा' आणि 'थांब'मागे काय असेल, याचा विचार मनातून जात नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या आठवड्यात मुलगा जवळ असावा असं कुठल्या आईला वाटणार नाही? तरी ती पाठवते. त्यात मुलाची ओढ ओळखणं असतं, घरात बसून तो आणखी खचेल ही काळजी असते, आणि सारा देश वाट पाहत असल्याची जाणीवही असते. खेळाडूच्या त्यागाची बातमी होते. त्याला पाठवून मागे राहिलेल्या बाईचा, दहावं-तेरावं उरकणाऱ्या भावंडांचा त्याग त्या बातमीत एका ओळीपुरता येतो.

खेळत राहण्यात आधारही असतो, हे मात्र मान्य केलं पाहिजे. डिसेंबर २००६ मध्ये अठरा वर्षांचा विराट कोहली वडील गेल्यावर काही तासांतच कोटला मैदानावर आला आणि कर्नाटकविरुद्ध रणजी सामन्यात दिल्लीसाठी ९० धावा करून अंत्यविधीला गेला. जून २०१९ मध्ये मिझोरामची हॉकीपटू लालरेमसियामी स्पर्धेसाठी हिरोशिमात असताना तिचे वडील गेले. ती उपांत्य आणि अंतिम सामना खेळली, भारत जिंकला, मग ती गावी पोचली. दुःखात माणसाला काय करावं ते सुचत नाही. मैदानावर ते सुचतं: चेंडू येतो, तो खेळायचा असतो. हे सुख लहान नाही आणि ते कुणाकडून हिरावूनही घेऊ नये.

पण आपण ज्यांच्या कथा सांगतो ते सगळे त्या दिवशी यशस्वी झालेले असतात. १४ फेब्रुवारी १९८८ रोजी कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा स्पीड स्केटर डॅन जॅन्सन ५०० मीटरच्या शर्यतीत उतरला. त्याच सकाळी त्याची बहीण जेन रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. पहिल्याच वळणावर तो पडला. चार दिवसांनी १००० मीटरमध्येही पडला. सहा वर्षांनी लिलहॅमरला त्याला सुवर्ण मिळालं, म्हणून तीही कथा सांगण्याजोगी झाली. ते मिळालं नसतं तर? दोनदा बर्फावर कोसळलेला तो तरुण बहिणीवर आणि देशावर तितकंच प्रेम करत होता. त्याचं शरीर त्या दिवशी चाललं नाही, इतकंच.

सर्वांत अवघड प्रश्न २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकाने समोर ठेवला. २० ऑगस्टला सिडनीत स्पेनने इंग्लंडला १-० असं हरवलं आणि तो एकमेव गोल ओल्गा कार्मोनाचा होता. तिचे वडील दोन दिवस आधीच वारले होते, पण कुटुंबीयांनी तिला कळू दिलं नाही. चषक हातात आल्यानंतर तिला सांगण्यात आलं. मुलाची परीक्षा संपेपर्यंत आजोबा गेल्याचं लपवणारी घरं आपल्या ओळखीची आहेत, त्यामुळे त्या कुटुंबाला काय वाटलं असेल हे मला समजतं; त्यांच्या प्रेमाबद्दल मुळीच शंका नाही. तरीही मला ते योग्य वाटत नाही. तेवीस वर्षांच्या बाईला आपलं दुःख केव्हा पेलायचं हे ठरवता यायला हवं होतं. ती कदाचित खेळलीच असती, पण मग तो निर्णय तिचा असता.

या साऱ्यापेक्षा वेगळ्या दोन माणसांकडे आपलं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडचा बेन स्टोक्स पाकिस्तानविरुद्धची मालिका अर्ध्यावर सोडून न्यूझीलंडला गेला. वडिलांना मेंदूचा कर्करोग होता आणि डिसेंबरमध्ये ते गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स दिल्ली कसोटीनंतर भारतातून आजारी आईकडे परतला. अहमदाबाद कसोटी सुरू असताना, १० मार्चला, ती गेली. दोघेही माणूस जिवंत असताना घरी पोचले. पित्याच्या शवाला खांदा देणारा मुलगा आपल्याला भावतो. पण त्याच्या उशाशी बसून चार गोष्टी बोलणारा मुलगा मला अधिक भाग्यवान वाटतो. त्यासाठी कर्णधाराला दौरा सोडावा लागला तर दौऱ्याने ते सोसावं. कमिन्सने त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला जागतिक कसोटी अजिंक्यपद आणि विश्वचषक मिळवून दिला, हे खरं; मिळवून दिला नसता तरी त्याचं घरी जाणं तितकंच योग्य ठरलं असतं.

दुःखानंतर माघारी येणाऱ्यांचं काय होतं, हेही पाहावं. २०२१ च्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत भारतीय क्रिकेटपटू वेदा कृष्णमूर्तीची आई आणि बहीण दोन आठवड्यांच्या आत गेल्या. त्यानंतर इंग्लंड दौऱ्याच्या संघात तिचं नाव नव्हतं, आणि मूळची पुण्याची असलेली ऑस्ट्रेलियाची माजी कर्णधार लिसा स्थळेकर हिने मंडळाने वेदाची साधी विचारपूसही केली नसल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढे मंडळाच्या सचिवांनी संपर्क साधल्यावर वेदाने त्यांचे आभारही मानले. पण विचारपूस होण्यासाठी कुणाला तरी जाहीर बोलावं लागलं.

विचारपूस माणसांच्या हातात असते. नियम बदलता येतात. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी राजकोटला रविचंद्रन अश्विनने आपला ५०० वा कसोटी बळी घेतला आणि त्याच रात्री आईच्या प्रकृतीची बातमी ऐकून तो चेन्नईला निघाला. सामना रंगात असताना भारताकडे दहाच खेळाडू आणि चार गोलंदाज उरले. कर्णधाराने त्याला थांबवलं नाही. चौथ्या दिवशी तो परतला, भारत ४३४ धावांनी जिंकला आणि विषय तिथेच संपला. संपायला नको होता. डोक्याला मार बसला तर २०१९ पासून कसोटीत पूर्ण बदली खेळाडू मिळतो. करोनाची लागण झाली तर मिळावा म्हणून २०२० मध्ये नियम काही आठवड्यांत बदलला गेला. आई अतिदक्षता विभागात असेल तर मात्र क्षेत्ररक्षणापुरता माणूस मिळतो. त्याला गोलंदाजी करता येत नाही, फलंदाजीही नाही. म्हणजे घरी जाणाऱ्याच्या डोक्यावर सहकाऱ्यांना अर्धवट सोडून आल्याचं ओझं नियमच चढवतो. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर सामन्याच्या मध्येही पूर्ण बदली द्यावी. गैरवापराची भीती डोक्याच्या दुखापतीच्या वेळीही व्यक्त झाली होती. तिथे सामनाधिकारी निर्णय घेतो, तसा इथेही घेईल. असा नियम असता, तर अश्विनला विमानात बसताना मागे उरलेल्या चार गोलंदाजांचा हिशेब करावा लागला नसता.