मूल जेवू लागते तेव्हा



कोकणातील आमच्या वस्तीत गेल्या वर्षी एका भगिनीने फोनवरून मला मसला विचारला. नमाजच्या ओढणीवर तान्ह्या मुलाची लघवी पडली, तर ओढणी धुवावी की पाणी शिंपडले तरी चालेल? मी विचारले, ‘‘मुलगा अन्न खातो का?’’ ती म्हणाली, ‘‘नाही मौलाना, अंगावरचे दूध तेवढे पितो. आठ महिन्यांचा आहे.’’ मी सांगितले की, शाफिई मतानुसार डागाच्या सर्व भागावर पोहोचेल असे पाणी शिंपडणे पुरेसे आहे. तिने सलाम केला आणि मी फोन ठेवला.

उत्तर अचूक होते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत उम्मे कैस (र.) यांची हदीस आहे. अद्याप अन्न न खाणाऱ्या आपल्या मुलाला घेऊन त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या. प्रेषितांनी (स.) त्याला मांडीवर घेतले, त्याने वस्त्र ओले केले, तेव्हा त्यांनी पाणी मागवून त्यावर शिंपडले, वस्त्र धुतले नाही. मुलीच्या बाबतीत शाफिई फिकहात धुणेच सांगितले आहे, आणि घाटावरच्या आपल्या हनफी बांधवांकडे दोघांच्याही बाबतीत धुणे आवश्यक मानतात. हे सारे मला मदरशात शिकवले गेले होते आणि ते पाठ होते.

दोन दिवसांनी घरी जेवायला बसलो असता माझी पत्नी आमच्या साडेसहा महिन्यांच्या मुलीला मऊ भात कुस्करून भरवीत होती. तेव्हा त्या भगिनीचा ‘आठ महिने’ हा शब्द एकदम आठवला. ज्या मुलाच्या लघवीविषयी मी निर्णय दिला, त्याच्या पोटाविषयी मी एक शब्दही विचारला नव्हता. ‘मुलगा अन्न खातो का’ हा माझा प्रश्न केवळ ओढणीपुरता होता.

पत्नीने त्या घरी फोन केला, तेव्हा कारण कळले. मुलाचे वडील कुवेतला होते आणि दोन महिन्यांनी सुट्टीवर यायचे होते. पहिला घास मुलाच्या बापाच्या हातूनच द्यायचा, त्या दिवशी खीर चटाईचा कार्यक्रम करायचा, असे आजीने ठरवले होते. मुलाचे वजन वाढेनासे झाले होते. आईने दोनदा विषय काढला. तिसऱ्यांदा काढण्याचे तिला धैर्य झाले नाही.

आजीचा हेतू वाईट नव्हता. पण जन्मानंतर सुमारे सहा महिने पूर्ण झाले की आईचे दूध एकटे पुरत नाही. विशेषतः मुलाच्या शरीरातील लोहाचा साठा तोवर उतरू लागतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की, सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे, त्यानंतर अन्न सुरू करावे आणि दूधही दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे. दोन वर्षांची ही मुदत आपल्याला अनोळखी नाही. सूरह अल-बकराच्या 233 व्या आयतीत दूध पाजण्याचा पूर्ण कालावधी दोन वर्षे सांगितला आहे.

त्याच आयतीतील पुढचा भाग मात्र आपल्या घरांतून क्वचितच वाचला जातो. दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर आहे. मुलावरून आईला त्रास दिला जाऊ नये, बापालाही नाही. आणि दोन वर्षांआधी दूध सोडवायचे झाल्यास ते दोघांच्या राजीखुशीने व सल्लामसलतीने व्हावे, असा तिचा आशय आहे. दूध सोडवण्यासाठी तेथे ‘फिसाल’ हा शब्द आहे, म्हणजे विलग होणे. मराठीत आपण ‘दूध तोडणे’ म्हणतो, तो शब्द मला नेहमीच थोडा कठोर वाटत आला आहे. ज्या अल्लाहने दूध सोडवण्याच्या निर्णयात आईचा सल्ला आवश्यक ठरवला, त्याच्या आज्ञेखालील घरात घास सुरू करण्याच्या निर्णयात आईला बोलता येऊ नये, हे कसे?

इतिहासग्रंथांत ह. उमर (र.) यांची एक हकीकत येते. मदीनेच्या बाहेर उतरलेल्या व्यापारी काफिल्याच्या राखणीसाठी ते रात्री फिरत होते. एक मूल सारखे रडत होते. त्यांनी तीनदा जाऊन आईला मुलाकडे लक्ष देण्यास सांगितले. अखेर ती वैतागून म्हणाली की, मी त्याचे दूध सोडवू पाहते आहे, कारण उमर दूध सुटलेल्या मुलांनाच तनखा देतात. समोर कोण उभे आहे हे तिला माहीत नव्हते. त्या सकाळी फज्रच्या नमाजमध्ये रडण्यामुळे त्यांचे पठण लोकांना नीट ऐकू येईना. नमाजनंतर त्यांनी जाहीर केले की, दूध सोडवण्याची घाई करू नका, यापुढे जन्मलेल्या प्रत्येक मुलाला तनखा मिळेल. तिथे घाई होती, आमच्या वस्तीत उशीर. पण दोन्हीकडे मुलाच्या पोटाचा निर्णय मोठ्यांच्या सोयीने झाला होता. आणि नियम करणाऱ्याला आपल्या नियमाने कोणते मूल रडते हे विचारल्याशिवाय कळले नाही. ही हकीकत मी मिंबरवरून कितीतरी वेळा सांगितली आहे.

मधाविषयीही लिहिणे भाग आहे. नवजात बालकाला खजूर चावून मऊ करून टाळूला लावण्याची, म्हणजे तहनीकची, सुन्नत आहे, ह. अस्मा (र.) यांचे पुत्र अब्दुल्लाह बिन जुबैर (र.) यांची तहनीक प्रेषितांनी (स.) अशीच केली. फिकहात ही तहनीक ‘अन्न’ धरली जात नाही. पण काही घरांत पुढे महिनोन्‌महिने मधाचे बोट चाटवतात. मधात काही वेळा असे जिवाणू असतात की, ते एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. मधात आरोग्य आहे हे कुरआनचे सांगणे खरे. आरोग्य देणाऱ्या वस्तूलाही वय असते. वर्ष होईपर्यंत मध नको.

बाकी फार अवघड काही नाही. कुस्करलेला वरणभात, नाचणीचे सत्त्व, उकडलेले अंडे, शिजवून बारीक केलेली कलेजी किंवा खिमा, काटे नीट काढलेली मासळी. चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. मीठ-साखर वर्षभर नको. अख्खे दाणे, बदाम घशात अडकतात. चहात बुडवलेले बिस्किट हे जेवण नव्हे, हे आमच्या वस्तीत मला पुनःपुन्हा सांगावे लागते.

त्याच शुक्रवारी असरनंतर आम्ही उभयता त्या घरी गेलो. आजींनी सारे ऐकून घेतले, बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘पण मौलाना, माझ्या लेकाचा हात?’’ पत्नीने सुचवले की, त्याला आत्ताच व्हिडिओ कॉल करू. कुवेतहून तो ‘बिस्मिल्लाह’ म्हणाला, आजींनी सुनेच्या हाती वाटी दिली आणि तिने घास भरवला. पहिला घास मुलाने थुंकून टाकला. दुसरा गिळला. खीर चटाई दोन महिन्यांनी करायची ती करा, असे मी म्हणालो, आणि निघताना त्या भगिनीला सांगितले की, मुलगा आता नियमित जेवू लागेल, तेव्हा शिंपडण्याची सवलत संपली. यापुढे ओढणी धुवावी लागेल.