फांदी कुणी बांधली?

ग्रिम बंधूंच्या गोष्टी मुलांसाठी मराठीत नव्यानं सांगायला घेतलेली पुतणी, आणि जर्मन शिकवण्यात उभा जन्म गेलेले तिचे काका. गाडी ‘हान्सेल आणि ग्रेटेल’पाशी अडली आहे.

पुतणी : काका, मी सावत्र आई काढून टाकतेय. सख्खीच ठेवते. 1812 च्या पहिल्या आवृत्तीत तसंच आहे ना?

काका : आहे. 1840 मध्ये धाकट्या ग्रिमनं, व्हिल्हेल्मनं, तिला सावत्र केलं. हिमगौरीचं तर 1819 लाच. तिथंही पोरीच्या जिवावर उठलेली मुळात सख्खी आईच होती.

पुतणी : म्हणजे आईपणाला डाग नको म्हणून सगळं खापर सावत्र आईच्या माथी. वर्गात एखादीची आई खरंच सावत्र असली, तर तिनं ही गोष्ट कशी ऐकायची?

काका : आणि आईच्या कुशीत शिरून ऐकणाऱ्यानं तुझी कशी ऐकायची? व्हिल्हेल्मला ढोंगी म्हणणं सोपं आहे गं. वडील 1796 मध्ये गेले, मागे सहा भावंडं, आईनंच वाढवली. अशा घरातल्या माणसाला ‘आई’ हा शब्द तिथं सोसला नसेल. अर्थात, हा माझा तर्क.

पुतणी : मग दोघीही नकोत. दुष्काळ पडला, मुलं वाट चुकली.

काका : ही तर सहल झाली! घरात अर्धा पाव उरलाय, खाणारी तोंडं चार. त्यातली दोन कमी करायची, असं कुणीतरी ठरवतं. ते ठरवणंच काढलंस तर गोष्टीत राहिलं काय?

पुतणी : कबूल. पण ठरवते ती, करतो कोण? मुलांना शेकोटीजवळ बसवून दोघं निघून जातात. कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत राहतात, म्हणून पोरं निर्धास्त: बाबा इथंच आहेत. कुऱ्हाड नसतेच. वाळक्या झाडाला बांधलेली फांदी वाऱ्यानं आपटत असते. 1857 च्या शेवटच्या आवृत्तीत ती बापानं बांधलीय.

काका : हो, तिथं ‘त्यानं’ असंच आहे. पण मुलं सोडल्यापासून त्याला सुखाची घटका लाभली नाही, हेही आहे.

पुतणी : तिच्या घटका कुणी मोजल्या? ती मरते. मुलं मोती-माणकं घेऊन बापाच्या गळ्यात पडतात, संपली गोष्ट. आईचं नातं बदललं, बाप होता तसाच सुटला.

काका : मग मुलांनी दाराबाहेर उभं राहायचं? त्यांना बाप हवा असतो. फांदी बांधणारा का असेना.

पुतणी : आत जातील. पण माझी ग्रेटेल विचारेल, फांदी कुणी बांधली होती?

काका : आणि तो काय सांगेल?

पुतणी : तिथंच पेन थांबलंय. खरं बोलला तर पोरं रात्री त्याच घरात झोपतील कशी? खोटं बोलला, तर मेलेल्या बाईच्या नावावर आणखी एक गुन्हा.

काका : मग गप्प बसू दे त्याला.

पुतणी : दोनशे वर्षं तेच तर करतोय तो, काका.