धूळ पुसावी, व्रण पुसू नये

नोव्हेंबर हा आपल्या मृत आप्तेष्टांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला शिरूर असो वा दौंड, आपण कबरींवर शेवंती आणि झेंडूची फुले वाहतो. त्याच निमित्ताने यंदा आम्ही भावंडांनी थोरल्या काकांच्या जुन्या निगेटिव्ह बाहेर काढून स्कॅन केल्या.

काकांना फुलांचे फोटो काढण्याचा नाद होता. शिरूरच्या माळावरचा पिवळा तरवड, दौंडला भीमेकाठची कण्हेर, आजीच्या कबरीवरची पांढरी शेवंती. एका रोलमध्ये फोटो ३६च, त्यामुळे एकेका फुलापाशी ते बराच वेळ थांबत.

निगेटिव्ह उजेडात धरली की पांढरी शेवंती काळी दिसते, कारण जिथे प्रकाश जास्त पडला तिथे फिल्म जास्त काळी होते. स्कॅन केल्यावर संगणक ते उलटे करून मूळ चित्र दाखवतो, पण त्यात इतक्या वर्षांची धूळ आणि ओरखडेही उमटतात. काही स्कॅनरमध्ये यासाठी इन्फ्रारेड प्रकाश असतो. तो रंगीत फिल्मच्या रंगांतून आरपार जातो आणि धुळीपाशी अडतो. त्यामुळे बाहेरून आलेले काय, हे यंत्राला कळते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र हा प्रकाशही अडवते. तिथे धूळ कोणती आणि चित्र कोणते, हे आपणच डोळ्यांनी ठरवायचे.

शेवंतीचा फोटो कृष्णधवल होता. साफ करता करता आमच्यातल्या धाकट्याने पाकळीवरचे किडीने पाडलेले भोकही पुसून टाकले. फूल देखणे झाले, पण ते आजीच्या कबरीवरचे फूल राहिले नाही.

हाच प्रश्न काकांच्या आठवणींचाही आहे. ते प्रेमळ होते. पण जमिनीच्या वाटणीवरून आमच्या वडिलांशी ते कित्येक वर्षे बोलले नाहीत. पवित्र मिस्साला दोघे भाऊ चर्चमध्ये दोन टोकांना बसत. काकांविषयी लोकांनी उठवलेल्या कंड्या ही धूळ होती, ती पुसलीच पाहिजे. अबोला मात्र खरा होता. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, म्हणून तोही पुसावा का?

आम्हांला तसे वाटत नाही. तो उगाळत बसावा, असेही नाही. प्रायश्चित्त संस्कारात आपण आधी पापाला पाप म्हणतो आणि मग क्षमा मिळते. जे घडलेच नाही असे म्हणायचे, त्याची क्षमा कशी करणार? काकांना आपणच निर्दोष ठरवले, तर त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना तरी कशाला करायची? पुनरुत्थित प्रभूने थोमाला आपल्या हातांवरचे व्रण दाखवले. गौरवी देहावरही ते राहिले होते.

आम्ही पाकळीवरचे भोक पुन्हा होते तसे ठेवले. २ तारखेला मुलांना काकांच्या फुलांविषयी सांगितले आणि त्या अबोल्याविषयीही सांगितले. मग दोघा भावांची नावे एकत्र घेऊन प्रार्थना केली. आमच्या घरात ती नावे अशी एका श्वासात प्रथमच घेतली गेली.

आपल्याही घरी अशी एखादी आठवण असेल. तिच्यावरची धूळ पुसू या. व्रण असेल तर तो झाकू नये, त्यावर क्षमेचा हात ठेवावा. प्रभू आपल्या मृत आप्तांना चिरशांती देवो आणि आपणांस क्षमा करण्याचे बळ देवो.