वय आणि योग्यता

ओमतीच्या रस्त्यांवरून मारुती ८०० आता क्वचितच जाते. जी जाते तिचा रंग विटलेला असतो, एखादे दार दुसऱ्याच मोडीत निघालेल्या गाडीचे असते. तरीही अरुंद गल्लीत ती ज्या सहजतेने वळते, तशी आजची धिप्पाड मोटार वळत नाही. जपानच्या सुझुकीच्या छोट्या मोटारीवर बेतलेली ही गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या ३० वर्षांत देशात २७ लाखांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या.

एवढी विपुल वस्तू दिसेनाशी व्हावी याचे नवल वाटू नये. विपुल असते ते कोणी जपत नाही. याच जबलपुरात लष्करासाठी निस्सानच्या नमुन्यावर बनलेली जोंगा हौशी लोक शोधून शोधून घेतात, सजवून मिरवतात. ८०० ज्यांच्यापाशी उरली, त्यांतील बहुतेकांना हौस नव्हे, गरज आहे.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे गाडी तपासून ती दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. नूतनीकरणाचे ६०० रुपये शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,०००. जुन्या गाड्या मोडीत निघाव्यात, हाच हेतू.

मी केंद्र सरकारचा कारकून. आमच्याकडे माणूस साठाव्या वर्षी निवृत्त होतो तो प्रकृती पाहून नव्हे, जन्मतारीख पाहून. जन्मतारखेत एक थोर गुण आहे: तिला वशिला लागत नाही. योग्यता ठरवायची म्हटली की ठरवणारा आला, त्याचा कल आला, आणि (हे लपवण्यात अर्थ नाही) कधी कधी पाकीटही आले. म्हणून तारखेचा नियम मी तुच्छ लेखत नाही. परंतु निःपक्षपातीपणा म्हणजेच न्याय काय? रोज शाळेपर्यंत जाऊन येणारी मास्तरांची गाडी आणि अहोरात्र भाड्याने पिटाळलेली गाडी, दोहोंचे वय सारखे असले म्हणून झीज सारखी होत नाही.

उलटपक्षी, जुन्या गाडीवरची ममता मालकाची असते, धूर मात्र शेजाऱ्याच्या छातीत जातो. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाचा धूर आजच्या मापाने खपणारा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण मग धूरच मोजावा! ते यंत्र गाडीचे वय विचारीत नाही. तपासणीत उतरलेल्या गाडीकडून दहा हजार कशाबद्दल? शुल्काने धुराचा कणही कमी होत नाही. पैसेवाल्याची जुनी गाडी चालू राहते आणि मास्तरांची तेवढी थांबते.

तपासणी मात्र खरी आणि कठोर हवी. तीत जी उतरणार नाही ती मोडीत जावी, मग मालक कितीही गरीब असो. तो उद्यापासून रिक्षाने जाईल. त्याचे मला वाईट वाटते, पण तेवढे त्याने सोसले पाहिजे.