सूर्याचे आयुष्य आणि आपली राखण

सूर्य एके दिवशी पृथ्वीला होरपळून टाकणारच असेल, तर तिला जपण्याचा खटाटोप कशासाठी? एखाद्या तरुणाने असे विचारले, तर त्याला अश्रद्ध ठरवून गप्प करू नये. प्रश्न प्रामाणिक आहे.

ताऱ्यांनाही जन्म, वार्धक्य व मरण असते. येशूसंघीय धर्मगुरू आंजेलो सेक्की यांनी १८६० च्या दशकात रोम येथे वर्णपटांवरून ताऱ्यांचे वर्गीकरण केले. अशा अभ्यासातूनच पुढे ताऱ्यांचा जीवनक्रम उलगडत गेला. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होते, गाभा आक्रसून अधिक तापतो आणि सूर्याचे तेज वाढत जाते. आरंभी ते आजच्या सुमारे ७० टक्केच होते. तरीही पृथ्वीवरील पाणी गोठून राहिले नाही. उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंचे दाट पांघरूण हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. पुढे तेज वाढले, तसतसे पाऊस व खडक यांच्या रासायनिक क्रियेने हे पांघरूण विरळ होत गेले. परंतु या समतोलालाही मर्यादा आहे. सुमारे १०० कोटी वर्षांत समुद्र आटू लागतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

म्हणजे पृथ्वीचे हे घर आपल्याला मुदतीनेच लाभले आहे. पण मुदत आहे म्हणून कर्तव्य संपते काय? अंथरुणाला खिळलेली आई जाणार हे ठाऊक असूनही आपण तिच्या मुखी पाणी घालतोच. प्रीती शाश्वतीचा हिशेब मागत नाही.

शिवाय दोष सूर्यावर ढकलता येणार नाही. त्याचे तेज दहा टक्क्यांनी वाढण्यास सुमारे १०० कोटी वर्षे लागतात. आपण मात्र अवघ्या अडीचशे वर्षांत हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८० वरून ४२० च्या पुढे नेला. त्याची झळ सर्वांआधी गरिबांना बसते, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात निक्षून सांगितले आहे.

आपली आशा सूर्यावर नव्हे, त्याच्या निर्मात्यावर आहे. म्हणूनच सूर्याच्या मरणाचे आपल्याला भय नको; आणि त्या मरणाची सबब पुढे करून राखणदाराने आपले काम सोडणेही नको.